टाळी पडेपर्यंत

८ डिसेंबर, रविवार

तेजश्रीनं पुण्याहून ही वही पाठवली. आत चिठ्ठी : नाना, हल्ली तुम्ही फोनवर काही बोलतच नाही, निदान लिहीत तरी जा. आता फोन धड लागत नाही त्याला मी काय करू. लेकीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. दोन मोबाइल बदलून झाले. दोन वाक्यं झाली की ती म्हणते, आईला द्या. मी देतो.

नवी वही आहे म्हणून आधी नाव-गाव. राधाकिशन, मुक्काम नेकनूर, वय अडुसष्ट. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं पट्टीबंधक होतो. लोक मात्र नकलाकार म्हणून ओळखतात. बैल, म्हैस, शेळीचं करडू, कोंबड्यांचं भांडण, घाटात चढणारी एसटी. शाळेची संमेलनं, गणपती, यात्रा, कुणाचा सत्कार. इथून बीडपर्यंत आणि तिकडं नारायणगडापर्यंत, जिथं मी बैल होऊन डुरकलो नाही असं गाव सापडणार नाही.

वहीत लिहायला एकच गोष्ट आहे. दोन-तीन वर्षांपासून लोक टाळ्या वाजवेनासे झालेत. काल दुपारी एका शाळेत कार्यक्रम केला. पटांगणात पाचशे माणूस. हात हलताना दिसत होते, आवाज नाही. हल्लीची माणसं टाळी वाजवत नाहीत, वाजवल्यासारखं दाखवतात. निम्म्यांच्या हातात मोबाइल असतो, ते तरी कशी वाजवणार.

माझ्यात काय कमी झालं ते शोधायचं आहे. शोधून इथं लिहीन.

११ डिसेंबर

बैलाला खोड्यात घालून पट्टी बांधायची तर आधी त्याला शांत करावं लागतं. मी त्याच्या कानाशी त्याच्यासारखाच बारीक घुमायचो, तो थांबायचा. माझी सगळी कला तिथं शिकलेली. शहाऐंशी साली आमचे डॉक्टर बदलून गेले, त्यांच्या निरोपाला मला कुणीतरी बोलायला उभं केलं. भाषण येईना. मी बैल केला. सगळे आधी हसले, मग मागं बसलेल्या एका शेतकऱ्यानं हातावर हात मारला आणि त्याच्यामागं सगळ्यांनी. तोवर टाळी म्हणजे भजनातली, नाहीतर साहेबाच्या भाषणानंतरची, एवढंच माहीत होतं. ही वेगळी होती. रात्री अंथरुणावर पडल्यावरही कानात वाजत होती.

बैल करताना मी बैलच असतो. नक्कल संपली की डोळे मिटून मान खाली घालायची माझी सवय. टाळी पडली की मी परत राधाकिशन होतो. टाळी पडेपर्यंत मी कुणीच नसतो, ना बैल ना माणूस. लोकांना वाटत असेल की ते शाबासकी देतात. मला ती हाक वाटते. ये, आता परत ये.

हे मी कुणाला बोललो नाही. माझा माइक सांभाळणाऱ्या युसूफलासुद्धा नाही.

१९ डिसेंबर

युसूफबरोबर बीडजवळ कार्यक्रम. युसूफचं बसस्टँडच्या मागं गॅरेज आहे, जोडीला साउंडचा धंदा. बावीस वर्षं माझा माइक त्याच्या हातात. त्याच्याच टेम्पोतनं जातो-येतो.

आज मी तीनदा म्हटलं, आवाज वाढव. तो म्हणाला, "भाऊ, लई झाला. शिट्टी मारायलाय माइक."

"कुठं मारतोय?"

त्यानं पुढं बसलेल्यांकडं बघितलं. दोन बायांनी कानावर पदर दाबला होता, थंडी होती म्हणून असेल. मग त्यानं साउंडच्या पेटीचं बटन फिरवल्यासारखं केलं. फिरवलं नाही, मला दिसलं.

आणखी एक गोष्ट. हल्ली प्रत्येक नकलेनंतर तो स्टेजवर चढतो आणि माझ्या पाठीवर हात ठेवतो. माइक नीट करायचं निमित्त. मला आवडत नाही. लोकांना वाटत असेल, म्हाताऱ्याला धरायला माणूस ठेवलाय. परत येताना त्याला स्पष्ट सांगितलं, माझ्या कार्यक्रमात वर यायचं नाही. तो काही बोलला नाही. पूर्वी टेम्पोत त्याचं तोंड बंद नसायचं.

२८ डिसेंबर

सत्यभामा रागावली आहे, कशावरून ते कळत नाही. आमची लग्नापासूनची रीत अशी की ती स्वयंपाकघरातून बोलणार, मी ओसरीवरून उत्तर देणार. निम्मा संसार असाच झाला. आता आतून शब्द नाही. काही सांगायचं असलं तर जवळ येऊन खांद्याला हात लावते, मग बोलते. तेही मोजकं. काल भाकरी थापता थापता उठून बाहेर आली, पिठाच्या हातांनी माझ्यापुढं उभी राहिली. "काय?" म्हटलं. बराच वेळ बघत राहिली. मग आत गेली.

एवढ्या वर्षांत माझे कार्यक्रम तिनं दोनच बघितले. तिला कधी त्याचं कौतुक नव्हतं. पण बोलणं तरी होतं.

१४ जानेवारी

संक्रांत. बायका आल्या होत्या. शेजारच्या रतनबाईनं तिळाचं विचारलं, मी म्हटलं, "दोन किलो पुरे झाले." एवढ्या साध्या उत्तराला सगळ्या खळखळून हसल्या. अजून माणसं हसवता येतात म्हणायचं. सत्यभामा तेवढी हसली नाही. रतनबाई तेजश्री कधी येणार ते विचारत होती, असं ती नंतर म्हणाली. तिनं काही का विचारलेलं असेना, हसल्या तर खरं.

२० जानेवारी

ओसरीवर बसून सगळ्या नकला एकदा करून बघितल्या. बैल ठीक. करडू ठीक. शेवटी गाय केली, वासरू गेलेली गाय. ही मी कायम शेवटाला ठेवतो. ती संपली की आधी कुणीच टाळी वाजवत नाही. एक शांतता पडते, चार-पाच श्वासांची. ती शांतता मी मनात मोजतो. मग टाळी येते आणि ती सगळ्यात मोठी असते. गायीनंतरची टाळी मला कुणी नाकारलेली नाही. ती आहे तोवर बाकीचं चालेल.

रस्त्यावरनं जाणारे दोघं थांबून बघत होते. मी हात केला तर गेले.

२७ जानेवारी

कालचं लिहितो. लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

माळेवाडीला सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम. संध्याकाळी सातला सुरू झाला. अंगद म्हणून तिथल्या मंडळाचा अध्यक्ष आहे, गेली सहा वर्षं तोच बोलावतो. चांगला माणूस. स्टेजवर दोन मोठे दिवे थेट तोंडावर, समोरचं काही दिसत नव्हतं. युसूफ खाली पेटीपाशी. मी सांगितल्याप्रमाणे तो वर आला नाही.

एकेक नक्कल होत गेली. प्रत्येक वेळी डोळे मिटून थांबलो, काहीतरी ओलसर गोणपाटावर आपटल्यासारखं येत होतं, तेवढंच. मनाशी म्हटलं, गाय होऊ दे.

गाय केली. जीव ओतून केली. संपल्यावर डोळे मिटून मान खाली घातली आणि मोजायला लागलो. चार श्वास झाले. सहा झाले. दहा झाले. वीसपर्यंत गेलो. मला वाटलं, ही शांतता लांबलीय म्हणजे टाळी तेवढीच मोठी येणार. मग वाटलं, नाही येणार. आयुष्यात पहिल्यांदा गायीनंतर टाळी आली नाही. मी तिथं डोळे मिटून उभा, ना गाय ना माणूस, आणि कुणी मला परत बोलवेना.

डोळे उघडले. माइक हातात घेतला. म्हटलं, "माळेवाडीकर, हात घरी ठेवून आलात काय? अडतीस वर्षं मी जनावरं करतोय. आज कळलं, जनावरं समोर बसलीत. दवाखान्यातला बैलसुद्धा तुमच्यापेक्षा बरा, त्याला बरं केलं तर मान तरी हलवतो." आणखीही बोललो. ते लिहवत नाही.

खाली उतरलो. अंगद आडवा आला, त्याचं तोंड लाल झालेलं, हातवारे करून काहीतरी बोलत होता. युसूफ मध्ये पडला. त्यानं अंगदपुढं हात जोडले. माझ्या वतीनं माफी मागणारा तो कोण?

टेम्पोत तो पुढं बघून गाडी चालवत होता, ओठ हलत होते. पुटपुटत असेल. मी त्याच्याकडं बघितलं नाही. घराशी उतरताना म्हटलं, "उद्यापासून माझं माइकचं मी बघीन." तो खाली उतरला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, परत मिटलं आणि गेला.

३० जानेवारी

तीन दिवस घराबाहेर गेलो नाही. कुणी आलं नाही. युसूफ आला नाही. सत्यभामा ताट ठेवते, उचलते. ती फोनवर तेजश्रीशी पाठमोरी होऊन बोलते. माझ्याबद्दलच बोलत असणार.

नारायणगडाच्या यात्रेतला कार्यक्रम ठरलेला आहे. तिथं कुणाच्या भरवशावर उभं राहायचं?

२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी अंगदनं मोबाइलवर चित्रफीत पाठवली. खाली लिहिलं होतं : काका, आमी काय केलं ते तुमीच बगा.

ओसरीवर उन्हात बसून बघितली. सत्यभामा शेजारी लसूण सोलत होती. कुणीतरी मागच्या बाजूनं, उंचावर बसून घेतलेली. समोर माणसांच्या पाठी, पलीकडं स्टेजवर मी, बोटाएवढा. गाय चाललेली. संपली. मी मान खाली घातली.

आणि सगळे हात वर आले. पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत. एक बाप मांडीवरच्या लेकराचे दोन्ही हात धरून त्याला वाजवायला लावत होता. मी आपला डोळे मिटून उभा. हात थांबले. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी तसाच. मग कडेच्या एका म्हातारीनं परत सुरू केलं, आणि परत सगळ्यांनी. काहीजण उभे राहून वाजवत होते. ते पण थांबले. मग स्टेजवरच्या त्या माणसानं डोळे उघडले, माइक उचलला, बोट नाचवून बोलायला लागला. पुढची माणसं एकेक करून मान खाली घालत गेली.

सगळं मुकं. मी सत्यभामेला म्हटलं, "याचा आवाज बंद झालाय. तुला लावता येतो का बघ."

तिनं लसणाचे हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, कानाशी नेला आणि झटक्यात लांब केला. मग माझ्यासमोर येऊन बसली, माझ्या तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द म्हणाली, "आवाज पुरा हाय. लई मोठा हाय."

मी मोबाइल तिच्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं तीन बोटं दाखवली. "तीन दिवाळ्या झाल्या."

"मग कावून सांगितलं न्हाई मला?"

"सांगितलं. चारदा सांगितलं. तुमाला ऐकू आलं न्हाई. चौथ्या वेळेला तुमी हसून 'हं' म्हनला. मग पाचव्यांदा सांगायचा धीर झाला न्हाई."

लसूण तसाच पडून राहिला. ऊन ओसरीवरून अंगणात गेलं तरी आम्ही तिथंच होतो.

७ फेब्रुवारी

बीडला कानाच्या डॉक्टरांकडं. सत्यभामा बरोबर आली. एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाड पट्टा चढवला, हातात बटन दिलं. आवाज आला की दाबायचं. मी सावध होऊन बसलो. दोनदा काहीतरी घुमलं, दाबलं. मग नुसताच बसलो. पलीकडं एक मुलगी कागदावर लिहीत होती. बराच वेळ झाला. मी काचेतून खूण केली, सुरू करा. तिनं दार उघडून सांगितलं, "बाबा, झालं."

डॉक्टर म्हणाले, बारीक, टोकदार आवाज गेलेत, जाडे थोडे राहिलेत. वयानं होतं. पूर्वी दाखवायला हवं होतं. सत्यभामेला तेच जरा जोरात सांगितलं, जणू तीच ऐकत नव्हती.

बसमध्ये हिशेब लागत गेला. शिट्टी मारणारा माइक. पाठीवरचा हात. रतनबाईचं हसू. तेजश्रीचं "आईला द्या". सगळी माणसं माझ्याशी बोलत होती आणि मी त्यांना मुकं ठरवून तीन वर्षं एकटा बसलो. खिडकीतून बाहेर बघत आलो. सत्यभामेनं हात धरला होता, तो सोडवून घेतला नाही.

१५ फेब्रुवारी

मशीन बसवलं, दोन्ही कानांत. जगात एवढा गोंगाट आहे हे विसरून गेलो होतो. चमचा बशीला लागला तर अंगावर काटा येतो. फ्रिज घुमतो. सत्यभामेच्या बांगड्या, चपला, नळ. तिचा आवाज आला तेव्हा मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. पातळ झालाय, म्हातारा झालाय. तीन वर्षांत तो असा झाला आणि मी तिथं नव्हतो.

संध्याकाळी ती देवळात गेल्यावर दार लावून बैल केला.

तो बैल नव्हता. खोकला झालेल्या माणसानं बैलाची आठवण सांगावी तसं काहीतरी होतं. करडू केलं, ते फाटकं. कोंबड्या तर ओळखू येईनात. गाय केली नाही. धीर झाला नाही. मशीन काढून डबीत ठेवलं आणि पुन्हा बैल केला, तेव्हा तो मला बराच बरा वाटला. मग समजलं की तीन वर्षं मी जो बैल करत होतो, तो मला फक्त आठवत होता, ऐकू येत नव्हता.

टाळ्या कमी झाल्यात म्हणून वही सुरू केली होती. आता उलटाच प्रश्न पडलाय. असला बैल ऐकून त्यांनी टाळ्या वाजवल्याच का?

२१ फेब्रुवारी

युसूफकडं गेलतो. गाडीखाली आडवा पडून काम करत होता. मी हाक मारली. तो बाहेर सरकला, माझ्या कानांकडं बघितलं, उठून बसला.

"बसलं का मशीन?" एकदम हळू आवाजात म्हणाला. मुद्दाम हळू.

"बसलं. ओरडायची गरज न्हाई."

"लई वर्षांनी हळू बोललो तुमच्याशी," म्हणाला. हात पुसत बसला.

मी म्हटलं, त्या दिवशी चुकलो. माइकचं बोललो ते मनातनं काढून टाक. तो म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी मी टेम्पोत सगळं सांगितलं तुमाला. माळेवाडीपासून नेकनूरपर्यंत. कान गेलेत, वैनी रडतात, मी स्टेजवर येऊन पाठीवर हात ठेवतो तो टाळ्या पडल्या हे कळावं म्हणून, सगळं. तुमी नुसतं समोर बघत होता. मला वाटलं, ऐकून गप आहेत. घरापाशी उतरल्यावर माइकचं म्हनला तेव्हा कळलं, एक शब्द पोचला न्हाई."

"परत का न्हाई सांगितलंस?"

"हिंमत एकदाचीच होती, यार."

त्यानं चहा मागवला. मी विचारलं, "नकला बिघडल्यात हे तुला कळत होतं?"

तो पेल्यात बघत राहिला. पूर्वी हे उत्तर मला ऐकू आलं नसतं. आज गप्प राहिलेलंही ऐकू आलं.

२ मार्च, रविवार

माळेवाडीला जाऊन आलो. युसूफचा टेम्पो, मी आणि सत्यभामा. ती स्वतःहून म्हणाली, मी येते. तिला नको म्हणायचं कारण नव्हतं.

अंगदला आधी कळवलं होतं. स्टेज नको, माइक नको, मंडळाच्या ओट्यावर दहा-बारा माणसं असली तरी चालतील. वीसेक जमली होती. सकाळची वेळ, सगळ्यांचे चेहरे दिसत होते. मी उभा राहून म्हटलं, "मी बहिरा झालोय. मला माहीत नव्हतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मला ऐकू आल्या नाहीत. मी तुम्हाला नको ते बोललो. ते मी परत घेतो, माफी मागतो." एवढंच. पाठ करून गेलो होतो, तेवढं तरी नीट झालं.

अंगद उठला, माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाला, "काका, संपलं. आमच्या मनात न्हाई काई." खरं तर त्याच्या मनात थोडं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. असू दे. तेवढा त्याचा हक्क आहे.

कडेला ती म्हातारी बसली होती, चित्रफितीतली. साखराबाई. तिला मी विचारलं, "बाई, खरं सांगा. गाय कशी झालती?"

अंगद म्हणाला, "छानच झालती की." साखराबाईनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

"गाय न्हवती ती," म्हणाली. "म्हातारं मानूस रडल्यावानी वाटलं. आमी बाया चपापलो. एकमेकीकडं बघायला लागलो."

"मग टाळ्या कावून वाजवल्या?"

"पैल्यांदा वाजवल्या त्या रीत म्हनून. संपलं की वाजवायच्या असत्यात."

"आणि दुसऱ्यांदा? तुम्हीच सुरू केल्या. मी बघितलंय."

तिनं जरा विचार केला. आपल्याला असं काही विचारलं जाईल असं तिला वाटलं नसावं. "तुमी उभे होता न," म्हणाली. "डोळे मिटून. कुनी तरी काय तरी करंल म्हनून वाट बघत. येवढ्या मान्सांत एकल्याला तसंच कसं उभं ठेवायचं? आमच्या हातात काय, टाळीच होती."

मला वाटलं होतं वाईट वाटेल, गाय गेली म्हणून. वाटलंही. पण अडतीस वर्षं मी समजत होतो की टाळी बैलाची असते, गायीची असते. त्यातल्या किती टाळ्या नुसत्या उभ्या माणसाच्या होत्या, आता कोण सांगणार.

चहा झाला. निघताना युसूफनं टेम्पो वळवला आणि म्हणाला, नारायणगडाचं काय करू? म्हटलं, कळवून टाक, दुसरा माणूस बघा म्हणावं. तो बरं म्हणाला. आढेवेढे घेतले नाहीत, त्यालाही ते पटलेलं होतं.

४ मार्च

दोन दिवस झाले, मनात एक होतं ते आज विचारलं. सत्यभामा अंगणात शेवया वाळत घालत होती. मी खुर्ची टाकून समोर बसलो. समोर बसलं की मशीनला बरं पडतं.

"तू माझे दोनच कार्यक्रम बघितलेस. एक बीडला, एक इथं शाळेत. तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास का?"

"न्हाई," म्हणाली. हात चालूच.

"एकदापण न्हाई?"

"न्हाई."

तिनं शेवयांवर फडकं टाकलं, कडेला दगड ठेवला, मग म्हणाली, "समदे वाजवत होते. मला कसं तरीच झालं. आपल्याच मान्साला कोन टाळ्या वाजवतं? टाळ्या वाजवून मानूस वाटंला लावून द्यायचं असतं. तुमी तर घरीच येणार होता."

अडतीस वर्षं मी स्टेजवर डोळे मिटून ज्या हाकेची वाट बघायचो, ती न मारणारी एकच बाई त्या गर्दीत बसलेली होती आणि ती माझ्याआधी घरी जाऊन चूल पेटवायची.

मग ती पाठ करून आत गेली आणि आतून काहीतरी म्हणाली. कितीतरी दिवसांनी आतून बोलली. मशीनमध्ये नुसता घरघराट आला, शब्द एक लागला नाही. हं म्हणणार होतो, जिभेवर आलं होतं.

"ऐकू आलं न्हाई," मी ओरडून म्हटलं. "परत सांग."

तिनं परत सांगितलं.